विशेषणांचा चेकर

अण्णा नेरकरांच्या घरी लग्नाची पत्रिका आली की तिला हळदकुंकवाआधी लाल पेन्सिल लागत असे. 'श्रीकृपेकरून'ला त्यांची हरकत नसे, कारण देवाची साक्ष काढायला ते काही जाणार नव्हते. पण पुढे 'सुप्रतिष्ठित घराण्यातील' आलं की पेन्सिल चालू व्हायची. 'सुविद्य' जायचं, 'सुस्वरूप' जायचं, 'भव्य स्वागतसमारंभ' आला तर त्यातलं 'भव्य' जायचं. उरलेली पत्रिका ते खुंटीला अडकवत. लग्नाला मात्र वेळेवर जात, आहेर करत, पंगतीत बसून जेवत आणि निघताना नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन सांगत, "पत्रिका बघितली. दोनतीन ठिकाणी सेकंड होती."

सेकंड म्हणजे काय, हे सुरतेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. अण्णा पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात चेकर होते. छापून, धुऊन, सुकून आलेलं साड्यांचं कापड त्यांच्या टेबलावरून सरकत जायचं आणि ते त्यावर नजर ठेवून बसायचे. डाग नाही, छपाई हललेली नाही, ते कापड फ्रेश. थोडा दोष असेल ते सेकंड. आणि ज्याचं काहीच होण्यासारखं नाही, ती चिंधी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत या तीनच शब्दांत जग बघितलेला माणूस घरी येऊन दुसरे शब्द कुठून आणणार?

त्यामुळे छापलेलं किंवा रंगवलेलं काहीही पुढे आलं की अण्णा त्याला टेबलावर घेत. आमच्या सोसायटीसमोर एका खान्देशी माणसाने खानावळ काढली आणि बाहेर पाटी लावली, 'स्वच्छ, रुचकर व घरगुती जेवण'. अण्णा पहिल्याच दिवशी जेवून आले. हात धुऊन मालकाला म्हणाले, "स्वच्छ आहे. घरगुतीही आहे, माझ्या घरी अस्संच असतं. रुचकर काढा."

मालकाने पाटी बदलली नाही, पण अण्णांच्या ताटात तेव्हापासून दह्याची वाटी जादा येऊ लागली. अण्णा दही खात आणि जाताना पाटीकडे बघून मान हलवत.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. बँकेत कारकून, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाचा चिटणीस. चिटणीस झालो तो कर्तृत्वाने नव्हे. सभेत कुणी हात वर करेना, तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं आणि मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. माझा स्वभावच असा आहे. कुणी दारात आलं की वाटतं, याचं आपण काहीतरी देणं लागतो आणि ते द्यायला आपण विसरलोय. देण्यासारखं माझ्याकडे फार काही नव्हतं, म्हणून मी शब्द द्यायचो.

मंडळाची मानपत्रं मी लिहीत असे. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, कुणाला पंच्याहत्तर वर्षं झाली, की मानपत्र. आमच्याकडे ते साटिनच्या कापडावर छापतात, सुरतेत कागदापेक्षा कापड हाताशी असतं म्हणून. मी सगळ्यांना 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, निगर्वी' करून सोडत असे. सुरुवातीला लिहिताना बरं वाटायचं. पुढेपुढे थकवा यायला लागला. तेच शब्द दुसऱ्या माणसाच्या अंगावर चढवायचे, त्याचे डोळे पाणावताना बघायचे आणि घरी येऊन वाटायचं, आपण याला फसवलं.

एका संमेलनात दोघांचा सत्कार होता, पोस्टातल्या चौधरींचा आणि दुकानवाल्या वाणींचा. गर्दीत माझ्याकडून साटिनच्या गुंडाळ्या बदलल्या. नाव कार्यक्रमपत्रिकेवरून वाचलं आणि मजकूर दुसऱ्याचा. चौधरींना काही कळलं नाही, वाणींना नाही, अध्यक्षांना नाही. मलाही नाही. दोघांनी डोळे पुसले. कार्यक्रम संपल्यावर अण्णा जवळ आले.

"खैरनार, चौधरींचं मानपत्र तुम्ही वाणींना वाचलंत."

"अरे देवा! आता?"

"आता काही नाही. दोघांनाही नीट बसलं. म्हणजे मापच घेतलेलं नव्हतं."

त्या दिवसापासून मानपत्राचा मजकूर छापायला जाण्याआधी अण्णांच्या टेबलावरून जाऊ लागला. ठराव झाला नाही, कुणी नेमणूक केली नाही. मीच कागद घेऊन वर गेलो.

अण्णांची पद्धत साधी होती. प्रत्येक स्तुतीच्या शब्दाशी थांबायचं आणि विचारायचं, "साक्षीदार कोण?" म्हणजे हा गुण कुणी बघितलाय, कधी, कुठे? मंडळाच्या खजिनदारांना मी 'दानशूर' लिहिलं होतं.

"साक्षीदार कोण?"

"अण्णा, त्यांनी हॉलला घड्याळ दिलंय की."

"मग तसं लिहा. मंडळाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. चालतं का?"

"चालतं."

"तेही लिहा. पुढे काय आहे? निर्भीड. कुणासमोर?"

"अध्यक्षांसमोर स्पष्ट बोलतात."

"मी प्रत्येक सभेला असतो. ते अध्यक्षांसमोर पाणीसुद्धा विचारून पितात. चिंधी."

मानपत्रात शेवटी आलं ते असं: 'आपण मंडळाला भिंतीवरचे घड्याळ दिलेत. ते चालते.' खजिनदार महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. ते मी सोसलं. ज्यांना अण्णांच्या हातून एखादा शब्द मिळे, त्यांचं मात्र वेगळंच होई. रेल्वेत तिकीटखिडकीवर बसणाऱ्या पाटलांना सगळी छाटाछाट होऊन एकच शब्द उरला होता, 'वक्तशीर'. पाटील आधी फुगले. मग त्यांनी ते साटिन काचेत बसवून दिवाणखान्यात लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले. "अण्णांनी पास केलेला आहे." हळूहळू मंडळात माणसं एकमेकांना विचारू लागली, "तुझे किती पास झाले?"

मला हे सगळं गमतीचं वाटायचं आणि आतून थोडं टोचायचंही. मी दिलेली ढीगभर विशेषणं लोक विसरत होते आणि अण्णांनी न कापलेला एक शब्द काचेत जात होता.

अण्णांच्या पत्नी इंदूवहिनी मंडळाच्या हॉलमध्ये सकाळी बालवाडी चालवत. बमरोलीकडच्या यंत्रमागवाल्यांची, आमच्यासारख्या नोकरदारांची, सगळ्यांची मुलं तिथे येत. नव्वदनंतर ती कमी होऊ लागली. कुणी गुजराती शाळेत घातलं, कुणी इंग्रजी नर्सरीत. शेवटी एका वर्षी इतकी थोडी मुलं उरली की बालवाडी बंद करायचं ठरलं. त्याच सभेत अध्यक्ष म्हणाले की वहिनींना मानपत्र द्यायला हवं. मग अण्णांकडे वळून म्हणाले, "काय अण्णा, हरकत नाही ना?"

"माल बघून सांगतो," अण्णा म्हणाले. सभा हसली. अण्णा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला जिन्यात भेटल्या. हातात मेथीची जुडी होती. एक पायरी वर थांबून म्हणाल्या, "भाऊजी, माझ्यावर लिहिताय म्हणे?"

"वहिनी, असं लिहितो बघा, अख्खा हॉल रडला पाहिजे."

"तेच सांगायला थांबले. तुम्ही चांगलंच लिहाल. तुम्ही त्या पाणीपट्टीवाल्याला ऋषितुल्य म्हणाला होतात."

मी जिन्याच्या कठड्याकडे बघितलं.

"रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "तुमचं मन मोठं आहे. पण माझा कागद यांच्या हातून जाऊ दे. सगळ्यांचा जातो तसा. मागे लागून काही वाचवू नका. जे उरेल ते मला हवंय. एक उरलं तरी पुरे."

"अण्णा घरी कधी काही..."

"घरी?" वहिनींनी मेथी दुसऱ्या हातात घेतली. "भाजीला 'चालेल'. साडीला 'चालेल'. माझं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाई धीराच्या आहेत. तर हे डॉक्टरांना म्हणतात, तुम्ही कधी बघितलं? तिला तर भूल दिली होती."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्या जिना चढून गेल्या आणि मी तिथेच उभा राहिलो. या बाईला मानपत्र नको होतं, नवऱ्याच्या टेबलावरून कापलं न जाता आलेला एक शब्द हवा होता. आणि तो मिळवून देण्याचं सगळं काम आता माझ्यावर होतं.

मी प्रथमच साक्षीदार शोधायला निघालो. बमरोली रोडला एका चाळीत गेलो. तिथल्या एका मागवाल्याच्या बायकोची तिन्ही मुलं बालवाडीत होऊन गेली होती. मी वही काढून विचारलं, बाईंबद्दल काय सांगाल? ती बिचारी पदर सारखा करत म्हणाली, "माले काय बोलता येत नही भाऊ. पन मना पोऱ्या रडत जाये नि हासत ये."

ते मी प्रमाण भाषेत उतरवलं. घरी येऊन बघितलं तर मजकूर फारच उघडाबोडका दिसत होता. एवढी वर्षं राबलेल्या बाईला एवढंच? पुन्हा ते अपराधीपण आलं आणि माझा हात सैल सुटला. 'वात्सल्यमूर्ती', 'सेवाव्रती', 'सोशीक', 'निरलस', आणि ओळीत जागा उरली म्हणून 'हसतमुख'. यातलं एखादं तरी अण्णांच्या हातून निसटेल, अशी माझी आशा होती. कागद वर देऊन आलो.

एरवी अण्णा दुसऱ्या दिवशी कागद परत करत. या वेळी आठवडा गेला. छपाईवाला रोज बँकेत फोन करून "खैरनारभाई, मॅटर क्यां छे?" म्हणत मजकूर मागू लागला. आणि जिन्यात वहिनी दिसल्या की त्या नुसत्या माझ्याकडे बघायच्या. मी मानेनेच नाही म्हणायचो.

शेवटी रविवारी दुपारी मी वर गेलो. वहिनी उधन्याला बहिणीकडे गेल्या होत्या. अण्णा खिडकीपाशी टेबलाशी बसले होते. पुढे माझा कागद सपाट पसरलेला, त्याची चारही टोकं बोटांनी दाबून सरळ केलेली. चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसत होते. कागदावर लाल रेघ एकही नव्हती.

"अण्णा, अजून सुरुवात नाही? मीच वाचतो. वात्सल्यमूर्ती. चिंधी आहे, मला माहीत आहे. काढू."

"राहू दे."

"सेवाव्रती?"

"राहू दे म्हटलं ना."

"सोशीक?"

"त्याला साक्षीदार लागत नाही. मी आहे घरात, एवढं पुरे."

मला काळजी वाटायला लागली. "अण्णा, बरं नाही का तुम्हाला?"

त्यांनी चष्मा लावला, पुन्हा काढला.

"खैरनार, आमच्या टेबलावर एक गोष्ट होते. बसून बसून चेकरची नजर मरते. कापड पुढून जातंय, दिसतंय, पण डाग दिसत नाही. सगळा माल फ्रेश वाटायला लागतो. तेव्हा कापड सुधारलेलं नसतं, आपण थकलेले असतो. मग उठायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. मी आठवडाभर हा कागद बघतोय. मला यातलं काही कापता येत नाहीये."

त्यांचं बोट 'हसतमुख'च्या खाली थांबलेलं होतं.

"याला मी साक्षीदार आहे," ते म्हणाले. "धुळ्याला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले. मीठच नाही. आम्ही सगळे सभ्यपणाने खातोय. हिच्या धाकट्या भावाने एक घास घेतला आणि ओरडला, ताई, अळणी! ही हसायला लागली. वडिलांनी डोळे वटारले तरी थांबेना. पदर तोंडावर धरून आत पळाली, आतूनही हसण्याचा आवाज येत होता. परतताना एसटीत मी मामांना म्हटलं, ठरवून टाका."

"मग हा फ्रेशच झाला की अण्णा!"

"तेव्हाचा. तुमचं मानपत्र आत्ताचं आहे. ती आत्ता हसते का? बालवाडीत हसत असेल. घरात शेवटची कधी हसली ते आठवून बघितलं. आठवेना. हसत नाही, असंही म्हणता येईना. मी बघितलंच नाही." ते खिडकीबाहेर बघू लागले. मिलच्या धुराड्यांचा धूर दुपारच्या उन्हात तसाच लोंबकळत होता. "दिवसभर बघून बघून घरी आलो की आणखी काही बघायचं म्हणजे नको वाटतं, खैरनार. साक्षीदार हजर होता. पण झोपलेला."

एरवी मी अशा वेळी 'तुम्ही थोर आहात' असं काहीतरी म्हणून मोकळा झालो असतो. त्या टेबलाशी ते म्हणायची सोय नव्हती.

"आहे तसं छापा," अण्णांनी कागद माझ्याकडे सरकवला. "चेकर म्हणून यात मला धरू नका. आणि तिला यातलं काही सांगू नका. म्हणेल, बघायचं होतं तर बघायचं होतं."

कार्यक्रम पुढच्या शनिवारी संध्याकाळी होता. वहिनींनी जांभळ्या काठाची साडी नेसली होती. अण्णा शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत. मी साटिन उलगडलं आणि वाचायला लागलो. 'वात्सल्यमूर्ती' आलं तेव्हा पुढच्या रांगेत हालचाल झाली. 'सेवाव्रती'ला पाटलांनी मान वळवून मागे अण्णांकडे बघितलं. 'सोशीक', 'निरलस'. पाटलांच्या चेहऱ्यावर आता उघड दुःख होतं. त्यांना एकात भागवलं होतं आणि इथे मोजदाद नव्हती. "घरचं आहे ना, सगळे पास," कुणीतरी कुजबुजलं.

मी वहिनींकडे बघितलं. पहिल्या शब्दाला त्यांनी मान वर केली होती. दुसऱ्याला ती थोडी खाली आली. पुढे तर त्या स्वतःच्या हातातल्या गुच्छाकडेच बघत राहिल्या. माझ्या तेव्हा ध्यानात आलं. शब्द जितके जास्त उरत होते, तितकं त्यांना पटत चाललं होतं की नवऱ्याने कागद उघडूनही बघितला नाही. टाळ्या फार झाल्या.

नंतर चहा झाला, माणसं पांगली. अण्णा बाहेर चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधत होते. वहिनी आत टेबलावरचे कप ट्रेमध्ये भरत होत्या. सत्कार ज्यांचा, त्याच कप उचलत होत्या आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मी मदतीला गेलो.

"वाचलंच नाही ना त्यांनी?" त्या कपाकडे बघत म्हणाल्या.

"वाचलं, वहिनी. अगदी मनापासून, अतिशय हळवे होऊन..."

"भाऊजी." त्यांनी हात वर केला. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय. तुम्ही सगळ्यांनाच सांगता."

इतकी वर्षं ज्याला त्याला गोड बोलून मी जे कमावलं, ते हेच होतं. खरं सांगायची वेळ आली आणि माझ्या तोंडचं कुणाला खरं वाटत नव्हतं. अण्णांनी सांगू नका म्हटलं होतं, तेही डोक्यात होतं. पण मी ट्रे खाली ठेवला आणि फक्त बघितलेलं सांगितलं. रविवारी दुपारी गेलो. ते खिडकीपाशी बसले होते. कागद टेबलावर होता, आठवडाभर तिथेच होता. लाल पेन्सिल बाजूला पडलेली. चष्मा पुसत होते. मला म्हणाले, नजर मेली, काही कापता येत नाही. बोट एका शब्दाखाली होतं. धुळ्याचं सांगितलं, पोह्यांचं सांगितलं, तुम्ही आत जाऊनही हसत होतात ते सांगितलं. मग म्हणाले, ती घरात हसते का, ते मी बघितलंच नाही.

त्या ऐकत होत्या. हातातला कप त्यांनी कधी खाली ठेवला ते मला दिसलं नाही.

"कुठल्या शब्दाखाली होतं बोट?"

"हसतमुख."

त्यांनी पदराला हात पुसले. साटिनची गुंडाळी उघडली, तो शब्द असलेली ओळ येईपर्यंत उलगडली आणि तेवढ्यावर बराच वेळ थांबल्या.

"पोहे अळणी होते म्हणाले?"

"हो."

"ते शेजारच्या काकूंनी केले होते. मी नाही. अजून माझ्यावर धरून बसलेत." त्यांनी साटिन पुन्हा गुंडाळलं, घट्ट. बाहेरून अण्णांची हाक आली, चप्पल सापडली होती. "आले," त्या म्हणाल्या, आणि निघता निघता माझ्याकडे वळल्या. "हा एक मी ठेवते, भाऊजी. बाकीचे तुमचे."